जुने खेळ आणि नवी यंत्रे

जुनी वस्तू नव्या घरात नेली असता ती तेथे शोभेल की नाही, एवढीच शंका सामान्यतः मनात येते. ती चालेल की नाही, असा प्रश्न सहसा पडत नाही. आजीच्या वेळची पितळी परात नव्या ओट्यावरही परातच राहते आणि आजोबांची पोथी विजेच्या दिव्याखालीही तितकीच स्वच्छ वाचता येते. संगणकावरील खेळांची गोष्ट मात्र निराळी आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मुलांसाठी हौसेने घेतलेली एखादी तबकडी कपाटाच्या तळाशी सापडते. घरातला आजचा संगणक त्या वेळच्या संगणकाच्या शेकडो पटींनी समर्थ असतो. तरीही खेळ कधी सुरूच होत नाही, कधी सुरू होऊन घटकाभरात कोसळतो, आणि कधी पात्रे इतक्या वेगाने धावू लागतात की खेळणाराने बोट हलविण्यापूर्वीच डाव संपतो. जो भार बालकाने सहज उचलला तो पैलवानास उचलवू नये, असा हा प्रकार आहे.

या कोड्याचे उत्तर त्या तबकडीत शोधून सापडत नाही. तबकडीवर जे लिहिलेले असते ते खेळाचे अर्धेच अंग होय. उरलेले अर्धे त्या काळच्या यंत्रात होते. यंत्र अमुक वेगाने चालेल, अमुक ठिकाणी आवाजाची सोय असेल, अमुक जागा रिकामी राहील, असा अनेक गोष्टींचा भरवसा खेळ लिहिणाराने धरलेला असे. आणि जे सर्वांच्याच घरी सारखे असते ते कोणी लिहून ठेवीत नाही. यंत्रे बदलली, भरवसा संपला आणि खेळ निराधार झाला. त्यास पुन्हा चालविणे म्हणजे त्याचे हरवलेले अर्धे अंग त्यास परत मिळवून देणे होय.

या भरवशांपैकी पहिला भरवसा काळाचा. १९८१ सालच्या ऑगस्ट महिन्यात आयबीएम कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात आणला, त्यातील प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाचा, म्हणजे सेकंदास सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके घेणारा होता. पात्राने एक पाऊल टाकल्यावर क्षणभर थांबावे असे खेळ लिहिणारास वाटले, तर एक सोपा उपाय त्याच्या हाताशी असे. तो यंत्रास उगीचच काही हजार आकडे मोजावयास लावी. मोजण्यात जाणारा वेळ हाच विराम. आजचे प्रोसेसर सेकंदास चारशे ते पाचशे कोटी ठोके घेतात आणि एकेका ठोक्यात अनेक कामे उरकतात. त्यांच्या लेखी तो विराम उरतच नाही. ३३ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका ७८ फेऱ्यांवर लावली असता गवयाच्या गाण्याची जी दशा होते, तीच अशा खेळाची होते. मुद्रिका निर्दोष असते, गवयीही तोच असतो. चूक असते ती फिरकीची.

ही अडचण फार लवकर ध्यानात आली होती. १९८० नंतरच्या दशकात अनेक संगणकांच्या पेटीवर ‘टर्बो’ नावाचे बटन असे. नावावरून ते वेग वाढविणारे वाटे. वस्तुतः जुन्या आज्ञावलींसाठी वेग कमी करता यावा, हाच त्याचा खरा उपयोग होता. कालांतराने ते बटन नाहीसे झाले, परंतु त्याची गरज नाहीशी झाली नाही.

तथापि वेग हा केवळ शत्रूच होता असे नाही. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात ५५ शत्रूंची फळी खाली उतरत येते आणि एकेक शत्रू टिपला जाऊ लागला की उरलेले अधिकाधिक वेगाने सरकू लागतात. यंत्र एका वेळी एकाच शत्रूस पुढे सरकवी. शत्रू कमी झाले की सर्वांची फेरी लवकर पुरी होई. यंत्राच्या मर्यादेतून निघालेली ही गती निशिकादो यांनी तशीच राहू दिली, आणि त्या खेळातील उत्कंठेचा प्राण तीच ठरली. असा खेळ नव्या यंत्रावर आणणाराने ती मर्यादाही सोबत आणली पाहिजे.

काळाच्या भरवशाचे याहून विलक्षण उदाहरण टर्बो पास्कल या भाषेत घडले. त्या भाषेतील एक उपयुक्त भाग, यंत्राचा वेग किती आहे हे सुरुवातीसच मोजून घेई, म्हणजे पुढे विराम अचूक देता यावेत. हेतू उत्तम होता. सुमारे ५५ मिलिसेकंदांत यंत्र किती फेऱ्या मारते हे मोजावयाचे आणि त्या संख्येस ५५ ने भागावयाचे, अशी त्याची रीत होती. उत्तर मावण्यासाठी जी जागा राखलेली होती तिच्यात ६५,५३५ पेक्षा मोठी संख्या बसत नव्हती. प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झच्या घरात पोहोचले तेव्हा उत्तर त्या जागेत मावेनासे झाले, आणि ज्या ज्या खेळात तो भाग होता तो सुरू होताक्षणीच ‘शून्याने भागाकार’ अशी तक्रार करून बंद पडू लागला. वास्तविक शून्य कोठेच नव्हते. मापच लहान पडले होते.

दुसरा भरवसा शेजाराचा. डॉसच्या काळातील खेळ हा मोठ्या वाड्यात एकट्याने राहणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखा होता. कोणतेही दार उघडावे, कोणत्याही विहिरीचे पाणी काढावे, विचारणारे कोणी नाही. १९८९ साली आलेल्या साउंड ब्लास्टर या ध्वनिकार्डाशी तो ठराविक पत्त्यावर थेट बोले. आजची विंडोज ही पहारेकरी असलेली मोठी चाळ आहे. यंत्राच्या अवयवांना परस्पर हात लावण्याची कोणास मुभा नाही, आणि ती नाही हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु जुन्या बिऱ्हाडकरूस हे कोणी सांगितलेले नसते. तो सवयीने दार ढकलतो आणि बाहेर घालवला जातो.

कधी शेजारीच कायमचा निघून जातो. १९९६ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीचे व्हूडू कार्ड आले आणि पुष्कळ खेळ त्याच्या ‘ग्लाइड’ नावाच्या बोलीत लिहिले गेले. २००२ पर्यंत ती कंपनी संपुष्टात आली आणि तिची बोली समजणारी कार्डे निघेनाशी झाली. १६ बिटांच्या आज्ञावलींचेही असेच झाले. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांत त्या चालत नाहीत. १९९५ च्या आसपासचे कित्येक खेळ स्वतः ३२ बिटांचे असतात आणि आजही चालू शकतात. पण त्यांची मांडणी करून देणारी छोटी आज्ञावली १६ बिटांची असते. त्यामुळे घर शाबूत आणि उंबरठा मोडलेला, अशी त्यांची अवस्था होते.

तिसरा भरवसा असा आहे की तो धरला आहे हे खुद्द लिहिणारासही ठाऊक नसते. ‘सिमसिटी’ या प्रसिद्ध खेळात एक चूक होती. स्मरणातील जी जागा त्याने नुकतीच सोडून दिली, तीच तो पुन्हा वाची. जुन्या विंडोजमध्ये ती जागा लगेच दुसऱ्यास दिली जात नसे, म्हणून चूक उघडी पडली नाही. विंडोज ९५ मध्ये हा खेळ कोसळू लागला, तेव्हा ‘सिमसिटी’ चालू असेल तर सोडलेली जागा लगेच परत घेऊ नये, अशी खास व्यवस्था त्या प्रणालीतच करण्यात आली. पाहुण्याच्या सवयीसाठी घरधन्याने घराची रीत बदलली.

अशी चूक किती काळ दबून राहू शकते, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा खेळ २००५ साली संगणकावर आला. त्यात पाण्यावर उतरणारे एक विमान आहे. २०२४ साली विंडोज ११ ची नवी आवृत्ती आली आणि ते विमान खेळातून दिसेनासे झाले. एका स्वतंत्र प्रोग्रामकाराने त्याचा माग काढून २०२५ साली जे प्रसिद्ध केले ते असे : वाहनांच्या यादीत त्या विमानाच्या ओळीत चाकांच्या आकाराविषयीचे काही आकडे लिहावयाचे राहून गेले होते. खेळ ते आकडे वाचावयास जाई तेव्हा त्याच जागी आधीच्या वाहनाचे आकडे पडून असत, आणि त्यांवर त्याचे निभावून जाई. विंडोजच्या नव्या आवृत्तीने स्मरणातील त्या जागेचा थोडा अधिक वापर केला, शिळे आकडे पुसले गेले आणि वीस वर्षांची चूक एका दिवसात उघडी झाली. जो खेळ स्थिर समजला जात होता तो योगायोगावर उभा होता, असा याचा अर्थ आहे.

चौथी अडचण कुलपांची. चोरून प्रती काढल्या जाऊ नयेत म्हणून २००० च्या आगेमागे अनेक तबकड्यांवर ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप बसविलेले असे. त्या कुलपाचा एक भाग विंडोजच्या अगदी अंतर्भागात शिरून काम करी आणि त्यात सुरक्षिततेचे छिद्र होते. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने त्याचे काम थांबविले. निर्णयात गैर काही नव्हते. परिणाम मात्र असा झाला की ज्याने पूर्ण किंमत मोजून खेळ घेतला त्याचीच अस्सल तबकडी चालेनाशी झाली.

आता उपायांकडे वळावे. ते मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

पहिला उपाय सोंगाचा. नव्या यंत्राने जुन्या यंत्राचे सोंग घ्यावयाचे. २००२ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ‘डॉसबॉक्स’ ही आज्ञावली नेमके हेच करते. जुना प्रोसेसर, जुने चित्रकार्ड, जुने साउंड ब्लास्टर, सर्व काही ती शब्दांनी उभे करते, आणि आतील खेळास आपण जुन्याच वाड्यात आहोत असे वाटत राहते. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे म्हणतात. या क्षेत्रात सर्वांत अवघड सोंग काळाचे आहे. म्हणून डॉसबॉक्समध्ये एका मिलिसेकंदात किती आज्ञा पार पाडावयाच्या हे ठरविण्याची सोय असते. १९८१ च्या यंत्राची चाल हवी असेल तर हा आकडा सुमारे ३०० ठेवावा लागतो, त्यापुढील यंत्रांसाठी काही हजार. आकडा वाढविला की खेळ सुधारतो, असा नवशिक्याचा समज असतो. बहुतेक वेळा तो उलट बिघडतो. खेळ ज्या साली निघाला त्या सालच्या मध्यम प्रतीच्या यंत्राची चाल त्यास द्यावी, हा नियम सहसा चुकत नाही.

दुसरा उपाय दुभाष्याचा. ग्लाइड बोलीतील आज्ञा आजच्या चित्रकार्डास समजेल अशा भाषेत तत्क्षणी उलगडून सांगणाऱ्या छोट्या आज्ञावली आज उपलब्ध आहेत. लिनक्सवर विंडोजच्या आज्ञावली चालविणारे ‘वाइन’ हेही याच जातीचे. त्याचे काम १९९३ पासून चालू आहे, आणि जुन्या विंडोजचे काही खेळ आजच्या विंडोजपेक्षा तेथेच अधिक नीट चालतात. चित्रांच्या वेगास लगाम घालणे हीही यातलीच युक्ती. विंडोज एक्सपीबरोबर आलेला पिनबॉलचा खेळ भारतातील असंख्य घरांत आणि कचेऱ्यांत खेळला गेला. तो खेळ जितक्या वेगाने काढता येतील तितकी चित्रे काढीत राही आणि यंत्राची सारी शक्ती खाऊन टाकी. मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनी त्यास सेकंदाला १०० चित्रांची मर्यादा घातली आणि तो शांत झाला, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. २०११ साली निघालेल्या ‘स्कायरिम’ मध्येही वस्तूंच्या हालचाली सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत. वेगवान पडद्यावर हा हिशेब चुकला की टेबलावरील भांडीकुंडी आपोआप उडू लागतात. म्हणजे ‘जुना’ हा शब्द आता फार दूरच्या खेळांपुरता राहिलेला नाही.

तिसरा उपाय सर्वांत टिकाऊ आहे. तो म्हणजे पोथी तीच ठेवून पुराणिक नवा आणणे. १९८७ साली लुकासफिल्म गेम्सने ‘मेनियॅक मॅन्शन’ हा खेळ काढला, तेव्हा त्याची कथा एका स्वतंत्र लिपीत लिहिली आणि ती वाचून दाखविणारी आज्ञावली निराळी ठेवली. पुढे त्या संस्थेचे अनेक खेळ याच रीतीने निघाले. २००१ साली ‘स्कमव्हीएम’ या नावाने काही हौशी मंडळींनी ती वाचणारी आज्ञावलीच नव्याने लिहावयास घेतली. आज मूळ तबकडीवरील कथा एका अक्षराचाही फरक न करता आधुनिक यंत्रांवर वाचली जाते. ‘डूम’ या खेळाचे भाग्य असेच. डिसेंबर १९९३ मध्ये तो निघाला आणि डिसेंबर १९९७ मध्ये त्याचे मूळ लेखन कर्त्यांनी जगास खुले केले. त्या खेळाचे घड्याळ सेकंदास ३५ ठोक्यांचे आहे आणि ते प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून नाही. ज्याने काळ यंत्रावर न सोपविता स्वतः मोजला, त्याचा खेळ सुखाने नव्या युगात आला.

हे उपाय योजताना घाई केली की फसगत होते. खेळ सुरू झाला म्हणजे तो स्थिर झाला, असे समजू नये. आवाज चित्राबरोबर चालतो की मागे पडतो, जतन केलेला डाव दुसऱ्या दिवशी उघडतो की नाही, तासाभरानंतरही चाल तीच राहते की नाही, आणि शेवटचा टप्पा गाठता येतो की नाही, या चार कसोट्या लावल्याखेरीज निर्णय देऊ नये. मूळ तबकडीची प्रत प्रथम काढून ठेवावी आणि सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही. अनोळखी ठिकाणाहून मिळालेल्या ‘दुरुस्त्या’ घेऊ नयेत. आणि एका खेळासाठी साऱ्या संगणकाची सुरक्षा ढिली करणे तर केव्हाही शहाणपणाचे नाही. कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, आज्ञावलीची प्रत ज्याच्यापाशी कायदेशीरपणे आहे त्यास ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. मात्र कंपनी बुडाली म्हणून खेळ निवारस झाला, असे ठरत नाही. हक्क कोणाकडे ना कोणाकडे गेलेलेच असतात. असे खेळ नव्या यंत्रावर चालतील अशा व्यवस्थेसह रीतसर विकणारी दुकानेही आहेत. २००८ साली पोलंडमध्ये सुरू झालेले गॉग हे त्यांतील प्रमुख.

इतका खटाटोप खेळासाठी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांकडे पाहून देता येते. तेथील मोडी कागद जपले गेले, हे फार मोठे काम झाले. पण मोडी वाचणारे विरळ होत गेले, तसतसा शाबूत कागदही मुका होऊ लागला. संगणकाच्या खेळांचे हे संकट अधिक दाट आहे, कारण येथे कागदही टिकत नाही आणि वाचकही टिकत नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या अभ्यासात, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत, असे आढळून आले. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली मान्य केली नाही.

१९९० नंतरच्या दशकात भारतात जे मूल संगणकाच्या वर्गात प्रथम जाऊन बसले, त्याची त्या यंत्राशी पहिली मैत्री पुष्कळदा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाने करून दिली. १९८९ साली अॅपल २ या संगणकासाठी जॉर्डन मेक्नर यांनी तो रचला. त्याचे मूळ लेखन हरवले असे कर्त्यासही वाटत होते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या तबकड्या सापडल्या. जाणकारांनी जुनी यंत्रे जोडून त्या काळजीपूर्वक वाचल्या, आणि ते लेखन सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. चुंबकीय तबकडीवरील अक्षर हळूहळू पुसट होत असते. आणखी काही वर्षांनी ते खोके उघडले गेले असते तर काय हाती आले असते, हे सांगता येत नाही.

अशी खोकी अजून पुष्कळ घरांतून पडून आहेत. ज्यांना ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्राची चाल प्रत्यक्ष पाहून ठाऊक आहे, ती पिढीही आता वयस्क होत चालली आहे. नव्या यंत्रावर घेतलेले जुन्याचे सोंग खरे वठले की नाही, हे सांगू शकणारे साक्षीदार तेच आहेत. ते जवळ असताना एखादी तबकडी बाहेर काढावी, तिची प्रत करून ठेवावी, आणि खेळ त्याच्या मूळच्या संथ चालीने पुन्हा चालू लागला की त्यांस शेजारी बसवून विचारावे : हा राजपुत्र तेव्हा असाच धावत होता ना?